दगड फोडणाऱ्यांनी दगड वाचलाही पाहिजे!

खानदेशात दगडाला तोटा नाही. तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत जिथे पहार माराल तिथे मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण फोडणारे हात कोणाचे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. विहिरी खणल्या त्या आमच्याच माणसांनी, रस्त्यावर खडी अंथरली ती आमच्याच बायाबापड्यांनी, आणि घण-छिन्नी घेऊन वडार समाज तर पिढ्यान्‌पिढ्या दगडाशीच बोलत आला. परंतु हा दगड जन्मला कधी, त्याच्याआधी येथे काय होते, त्याच्या पोटात काय दडले आहे, हे वाचण्याचे काम मात्र कायम दुसऱ्यांकडे राहिले. फोडायचे आम्ही आणि वाचायचे त्यांनी, ही कामाची वाटणी कोणी ठरवली?

या प्रश्नासाठी आज आम्ही एक वेगळाच विषय निवडला आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जगातून नाहीसा झालेला, समुद्रात राहणारा, सरळ शंखाचा एक प्राणी आणि त्याचे जीवाश्म गोळा करण्याची विद्या. चळवळीच्या वृत्तपत्रात या प्राण्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. कारण या प्राण्याच्या भावंडाला या देशात देव केले गेले, आणि देव केल्यावर त्याला कोणी शिवायचे नाही, याचीही यादी केली गेली.

प्रथम प्राणी समजून घेऊ. अमोनाइट हा आजच्या माकूळ आणि ऑक्टोपस यांचा दूरचा नातलग. त्याच्या अंगावर शंख असे आणि शंखात आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे असत. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राही. मागच्या कप्प्यांत हवा भरून तो पाण्यात तरंगत असे. बहुतेक अमोनाइटांचा शंख मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळा. मात्र काही जातींनी ही वेटोळी सोडून दिली. त्यांचा शंख काठीसारखा सरळ वाढू लागला. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७९९ मध्ये या सरळ शंखाच्या अमोनाइटाला बॅक्युलाइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत बॅक्युलम म्हणजे काठी. काही जाती बोटाएवढ्या, तर काही दोन मीटरपर्यंत लांब. मजा अशी की या सरळ शंखाच्या अगदी टोकाला, जन्माच्या वेळचा, जेमतेम मिलिमीटरभराचा भाग वेटोळाच असतो. म्हणजे पूर्वज वाकडे होते याची खूण अंगावर ठेवूनच हा प्राणी सरळ झाला. प्राणिजाती जशाच्या तशा घडवून कोणी खाली सोडल्या नाहीत, त्या बदलत गेल्या, हे या मिलिमीटरभर टोकावर लिहिलेले आहे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॅक्युलाइटांच्या जीवाश्मांवर शक्तिशाली क्ष-किरण टाकले, तेव्हा त्यांचे जबडे, दातांच्या बारीक रांगा आणि तोंडात अडकलेले पाण्यातले सूक्ष्म जीवही दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा शेवटचा घास आज वाचता येतो!

आता ओळख. बाजारात काळ्या दगडात पांढरे निमुळते कवच असलेले, चकचकीत घासलेले तुकडे मिळतात. मोरोक्कोतून येणारे हे तुकडे ऑर्थोसेरास या नावाने विकले जातात. तो सरळ शंखाचा प्राणी खरा, पण अमोनाइट नव्हे. तो त्याहून कितीतरी जुन्या काळातला, नॉटिलसच्या कुळाकडचा. त्याच्या कप्प्यांचे पडदे साधे, बशीसारखे असतात आणि कप्प्यांतून जाणारी नळी सहसा मधोमध असते. बॅक्युलाइटाच्या पडद्यांची कड शंखाला जिथे मिळते तिथे झाडाच्या पानासारखी, शेवाळासारखी नागमोडी नक्षी दिसते आणि नळी कडेने जाते. तिसरा सरळ तुकडा म्हणजे बेलेम्नाइट. तो बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार आणि भरीव असतो. तो मोडला तर आत मध्यापासून कडेपर्यंत जाणारे स्फटिकाचे धागे दिसतात. या तीन खुणा लक्षात ठेवल्या तर शाळेतले पोरसुद्धा दुकानदाराला अडवू शकते. नक्षी बघा, नळी बघा, मोडलेली बाजू बघा. ज्ञान म्हणजे याहून वेगळे काय असते? डोळे उघडे ठेवून विचारलेला प्रश्न, एवढेच.

मग हा बॅक्युलाइट खानदेशात मिळतो का? नाही. आणि का मिळत नाही, यातच आमच्या जमिनीचा सगळा इतिहास आहे. जीवाश्म सापडतात ते गाळाच्या खडकात. चिखलात मेलेला प्राणी दबतो, वर गाळ साचतो, गाळाचा दगड होतो. आमचा काळा पाषाण मात्र वितळलेल्या लाव्हाचा आहे. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. आज पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. थंड झालेल्या लाव्हात समुद्राचा शंख कसा सापडणार? कुठे कुठे लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली. तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी दगड होऊन राहिल्या. नागपूरजवळच्या टाकळीत असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले. पण समुद्र हवा असेल तर लाव्हाच्या बाहेर जावे लागते, किंवा त्याच्या खाली.

बाहेर म्हणजे फार लांब नाही. शिरपूर ओलांडून सातपुडा चढा आणि नर्मदेच्या खोऱ्यात उतरा. धार जिल्ह्यातील बाघ या गावाच्या नावाने ओळखले जाणारे चुनखडीचे थर तिथे उघडे पडलेले आहेत. नर्मदेच्या बाजूने आत शिरलेल्या समुद्राचा हा तळ. तिथल्या अमोनाइटांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केले. मात्र ते वेटोळे अमोनाइट आहेत. खाली म्हणाल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सेंधव्यापासून खानदेशातल्या शिंदाडपर्यंत जमिनीत लहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणात लाव्हाच्या खाली गाळाच्या खडकांचे जाड थर असल्याचे दिसले. म्हणजे आमच्या कापसाच्या शेताखाली काळा पाषाण आणि काळ्या पाषाणाखाली जुन्या पाण्याचा गाळ!

सरळ शंखाचे अमोनाइट भारतात मिळतात ते दक्षिणेत, पुदुच्चेरीजवळच्या वलुदावूर भागात आणि तमिळनाडूतल्या अरियालूरच्या पट्ट्यात. एडवर्ड फोर्ब्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४६ मध्ये पुदुच्चेरीकडच्या बॅक्युलाइटांचे वर्णन छापले. पुढे १८६० च्या दशकात स्टोलिच्का यांनी दक्षिण भारतातल्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ केला. फोर्ब्सच्या लेखाच्या शीर्षकातच संग्रह करणाऱ्यांची नावे आहेत, के आणि कनलिफ. दोघेही साहेब. ज्या गावांच्या शिवारात हे शंख सापडले, त्या गावातल्या एकाही माणसाचे नाव त्या शीर्षकात नाही. उन्हातान्हात माती कोणी उकरली, ओढ्याचा काठ कोणी दाखवला, पेटी डोक्यावरून कोणी वाहिली? शास्त्राचा इतिहासही वर्णाच्या उतरंडीसारखाच लिहिला गेला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आता काळाची गाठ पाहा. बॅक्युलाइट हे पृथ्वीवरच्या शेवटच्या अमोनाइटांपैकी. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी अमोनाइटांचे सगळे कुळ संपले, त्याच वेळी डायनोसॉरही संपले. आणि खानदेशचा लाव्हा वाहत होता तोही त्याच सुमारास! मेक्सिकोतल्या चिक्शुलूब येथे प्रचंड अशनी आदळली, तिचे विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. जगभरच्या त्या काळाच्या मातीच्या थरात इरिडियम हा अंतराळातून येणारा धातू जास्त प्रमाणात सापडतो, हे आल्वारेझ पिता-पुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. दख्खनच्या लाव्हातून सुटलेल्या वायूंनी या संहाराला किती हातभार लावला, यावर शास्त्रज्ञ आजही पुराव्यानिशी भांडतात. पण काळ एकच, यावर एकमत आहे. अमोनाइटांची पिल्ले अगदी बारीक, समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारी होती. वरचे पाणी बिघडले, सूक्ष्म जीव मेले, आणि पिल्लांची उपासमार झाली असावी. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्ले खोल पाण्यात वाढणारी. तो तगला, असे मानले जाते. म्हणजे धुळ्याच्या माळावर बॅक्युलाइट सापडत नसला तरी त्याच्या अखेरच्या काळाचा साक्षीदार प्रत्येक बांधावर पडलेला आहे.

धुळ्याकडे फिरणाऱ्यांनी शेतातून उठून मैलोगणती धावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती पाहिल्या असतील. कोणी त्यांना पांडवांचे बांधकाम म्हणो की राक्षसांचे. त्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती आहेत. रंजिनी राय, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे भागातल्या अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. दरवर्षी ३१ जुलैला तिथे आमचे हजारो लोक जातात. अभिवादन करून परतताना त्यांनी लळिंगच्या डोंगराचा दगडही एकदा हातात घेऊन पाहावा. ज्या काळात तो वाहिला, त्या काळात ना वर्ण होता ना वेद. ‘सनातन’ या शब्दाची उंची मोजायला त्याहून चांगली पट्टी मिळणार नाही.

आता देवाकडे येऊ. नेपाळमध्ये काली गंडकी नदीच्या पात्रात काळे गोल गोटे सापडतात. फोडले तर आत वेटोळा अमोनाइट. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी हिमालयाच्या जागी असलेल्या टेथिस समुद्रातला तो प्राणी. हाच शाळिग्राम! वेटोळ्यात चक्र दिसले म्हणून तो विष्णू झाला, घराघरांत पूजला गेला, तुळशीशी त्याचे लग्न लागले. येथपर्यंत श्रद्धेची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. परंतु धर्मग्रंथकारांनी पुढे जाऊन स्त्रिया आणि शूद्र यांनी शाळिग्रामाला स्पर्श करू नये, असे नियम लिहिले. काही वैष्णव ग्रंथांनी हा निर्बंध सैल केला, हे खरे. पण मुळात तो लिहिला गेला, ही बाब लहान नाही. एक मेलेला समुद्रप्राणी, ज्याने आयुष्यात कोणाची जात विचारली नाही, त्याला माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो! १९२७ मध्ये महाडला पाण्याच्या बाबतीत आम्ही जो प्रश्न विचारला, १९३० मध्ये नाशिकच्या काळ्या पाषाणाच्या मंदिरासमोर जो प्रश्न विचारला, तोच येथेही लागू आहे. दगड फोडून मंदिर उभे करणाऱ्याचा हात चालतो, आणि उभे झाल्यावर तोच हात का चालत नाही?

जगात सगळीकडे असे झाले नाही. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या माळरानांत राहणाऱ्या ब्लॅकफूट या मूळनिवासी लोकांनाही जीवाश्म सापडले, आणि त्यांत होता आपला सरळ शंखाचा बॅक्युलाइट. त्याचे तुटलेले तुकडे त्यांना रानरेड्याच्या आकाराचे वाटले. त्याला ते इनिस्किम म्हणतात, म्हणजे रानरेड्याचा दगड. त्यांची कथा सांगते की दुष्काळात लोक उपाशी असताना लाकडे गोळा करायला गेलेल्या एका बाईला हा दगड सापडला, आणि तिच्यामुळे कळप परत आले. एका समाजाने जीवाश्म बाईच्या हातात दिला, दुसऱ्याने बाईचा हात दूर केला. दोन्ही कथा शास्त्राच्या कसोटीवर कथाच आहेत. पण समाज कसा आहे, हे त्याच्या कथा सांगतात. आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यातही पाडल्या गावात लोक गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या रक्षणासाठी पूजत होते. ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये उजेडात आले. गावकऱ्यांना हसणारे तेव्हा पुष्कळ निघाले. शाळिग्राम पाटावर ठेवणाऱ्यांना मात्र कोणी हसले नाही!

संग्रह करणाऱ्या गरिबांचे काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडचे आहे. लाइम रेजिस गावात सुताराची मुलगी मेरी अ‍ॅनिंग समुद्रकाठच्या कड्यातून अमोनाइट आणि बेलेम्नाइट वेचून विकत असे, त्यावर घर चाले. तिने १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा शोधला. पुढच्याच वर्षी लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीत त्यावर विद्वानांनी निबंध वाचला, त्यात तिचे नाव नव्हते. त्या सोसायटीचे सभासदत्व स्त्रियांना मिळाले ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच वारली होती. शोधणारे हात एकीकडे आणि नाव दुसरीकडे, ही रीत केवळ आपल्या देशाची नाही.

ती जळगावातही आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाण्यातून झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले. सावद्याकडच्या आणि जळगाव परिसरातल्या खदानींचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. मोठमोठ्या काचेच्या कपाटांत चिठ्ठी असते: जळगाव, महाराष्ट्र, भारत. सुरुंग उडाल्यावर धुळीत शिरून, बोटे कापून घेत ती पोकळी न फोडता बाहेर काढणाऱ्या मजुराचे नाव त्या चिठ्ठीवर नसते. कोणत्या थरात पोकळ्या असतात, कोणत्या रंगाचा दगड लागला की स्फटिक जवळ आले, हे त्या मजुराला ठाऊक असते. ते भूशास्त्रच आहे. फक्त त्याला पदवी नाही, आणि त्याच्या पोराला त्या पदवीपर्यंत जाण्याची वाट नाही.

पण आमच्याच भूमीत याला उत्तरही कोरलेले आहे. चाळीसगावपासून जवळच्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव आहे: कण्हदास, सोनार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, याच काळ्या पाषाणात, एका कारागिराने स्वतःचे नाव लिहिले आणि ते कोणी खोडले नाही. ज्या धम्माच्या लेण्यात कारागिराचे नाव मूर्तीच्या हातावर राहू शकते, त्या वारशाचे आम्ही वारस आहोत.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात दगडांची एक पेटी ठेवा. पोरांना खदानीच्या कडेला, नदीच्या पात्रात, बोअरच्या मातीपाशी न्या. सुरुंगाच्या वेळी खदानीजवळ जाऊ नका, आणि संरक्षित जागेतला एकही जीवाश्म उचलू नका. जे मिळेल ते कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहा: गाव, जागा, जमिनीपासून किती खोल, वर काय होते आणि खाली काय होते, तारीख. चिठ्ठी नसलेला दगड हा शोभेचा दगड. चिठ्ठी असलेला दगड पुरावा असतो. अमेरिकेत एकेका जातीच्या बॅक्युलाइटावरून आणि शेजारच्या ज्वालामुखीच्या राखेवरून खडकांचे वय सुमारे पाच लाख वर्षांच्या टप्प्यांत सांगता येते. ते जमले कारण वेचणाऱ्यांनी कोणता तुकडा कोणत्या थरातला हे नीट लिहून ठेवले. धार किंवा अरियालूरला सहल गेलीच, तर आधी ओळखायला शिकवा, मगच वाकायला. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे घटनेच्या कलम ५१ क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य प्रयोगशाळेची वाट पाहत नाही, ते बांधावरही पाळता येते. आणि दहावी-बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या आपल्या मुलामुलींना भूशास्त्र हाही विषय असतो, हे कोणीतरी सांगा.

त्या चिठ्ठीवर शेवटची ओळ मात्र विसरू नका. दगड कोणाला सापडला, ते नाव पूर्ण लिहा. ती खडी फोडणारी बाई असेल, बोअरवरचा मजूर असेल, गुरे राखणारा पोरगा असेल. के आणि कनलिफ यांची नावे १८४६ पासून आजपर्यंत छापली जात आहेत. आपल्या माणसांची नावे आपणच लिहायला हवीत, आणि त्यासाठी पेन्सिल आणि कागदाचा तुकडा पुरेसा आहे.